मडकं आमच्या गळ्यात, मग लाज कुणाची?

दोस्तांनो, भांडण एका भिंतीवरनं लागलं.

भिंत टिटवाळ्यातली. टिटवाळा म्हटलं की मुंबईला महागणपती आठवतो. संकष्टीला लोकल भरभरून येते, नारळ फोडते, उलट पावली जाते. देवळाच्या रस्त्याला पाठ करून चालत सुटलं की आमची वस्ती लागते. वस्तीत समाजमंदिर. समाजमंदिराची रस्त्याकडची भिंत कोरी. चुन्याचे पोपडे, पावसाचे ओघळ, कुठल्याशा क्लासची अर्धी फाटलेली जाहिरात. १४ एप्रिलच्या आधी त्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं.

काढणार कोण, तर आमचा पेंटर. वस्तीत त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, पेंटरच म्हणतात. सलूनच्या, पिठाच्या चक्कीच्या, रिक्षा स्टँडच्या पाट्या आधी त्याच्या बापानं रंगवल्या, मग त्यानं. फ्लेक्सचं मशीन आलं, पाट्या गेल्या, ब्रश सुकून काटक्या झाले. आता तो टेम्पोवर हमाली करतो आणि रात्री बहिणीच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर चित्रं काढतो. त्यानं दोन रात्रींत कोळशानं भिंतीवर आखणी केली. मधोमध एक उघडा माणूस. गळ्यात मडकं. कमरेला मागं झाडू. मान ताठ, डोळे थेट रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत घुसणारे. बाजूला डोक्यावर उसाची मोळी घेतलेली बाई.

तिसऱ्या दिवशी कमिटी बसली.

कमिटीतले काका, ज्यांनी नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या, ते म्हणाले, "पोरांनो, बाबासाहेबांनी ते मडकं फोडलं. तुम्ही परत भिंतीवर टांगता? याच रस्त्यानं आपली लेकरं शाळेत जातात. काय बघतील रोज? आपली लाज?"

निवडणुकीवर डोळा असलेले एक भाऊ म्हणाले, "त्यापेक्षा मोठ्ठा फ्लेक्स लावू. वरती बाबासाहेब, खाली आपण सगळे. खर्च माझ्याकडं."

आणि पाहुणे म्हणून आलेले एक सर. नव्या टॉवरमध्ये राहतात, चित्रातलं कळतं म्हणून मुद्दाम बोलावलेले. चष्मा पुसत म्हणाले, "रेषेत ताकद आहे हो. पण कलेला जात नसते. हे जरा वैश्विक करा. मडकं तेवढं काढलंत तर तो जगातला कुठलाही शोषित माणूस होईल."

पेंटर काही बोलला नाही. त्याचे हात कोळशानं काळे झालेले होते. ते त्यानं पाठीमागं लपवले. ते मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणून हे लिहितोय. पुढच्या रविवारी कमिटी परत बसणार आहे. तोवर आखणी पुसायची नाही, एवढंच पदरात पाडून घेतलंय.

*

मी काही कलासमीक्षक नाही. मी मॅट्रिक. गोदीत कॉन्ट्रॅक्टवरचा कामगार. आमची लोकल टिटवाळ्यातनंच सुटते म्हणून बसायला मिळतं, एवढीच आमची चैन. कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची, डॉकयार्ड रोडला उतरायचं आणि दिवसभर पाठीनं विचार करायचा. १९१४ साली साहेबानं एक गोदी बांधली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा. साहेब गेला, तिची इंदिरा गोदी झाली. नाव बदललं. पोत्याचं वजन बदललं नाही. साहेबानं मागं काय ठेवलं, हा प्रश्न मला पुस्तकात वाचावा लागत नाही. तो माझ्या खांद्यावर असतो.

कविता करतो. चित्रं बघायला शिकलो ते पेंटरमुळं. परतीच्या गाडीत तो मोबाईलवर चित्रं दाखवतो. काच तडकलेली, त्यामुळं जगातल्या प्रत्येक चित्राला आमच्याकडं एक तडा असतोच.

त्या तडकलेल्या काचेत मी पहिल्यांदा सवी सावरकरची चित्रं बघितली. आडनाव ऐकून दचकू नका. हा माणूस नागपूरचा, जन्म १९६१. म्हणजे त्याच नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याला पाच वर्षं झाली होती. बडोद्याला शिकला, दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या थुंकीनं रस्ता बाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडकं असे आणि त्याच्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून कमरेला झाडू. आपण सगळ्यांनी हे भाषणात ऐकलंय. हजारदा ऐकलंय. इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकू येत नाही. सवी सावरकरनं ते दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं. छापचित्रात, रंगात, कागदावर, कॅनव्हासवर. गळ्यात मडकं असलेला माणूस. देवाच्या नावानं सोडलेली देवदासी. आणि समोर शेंडी-जानव्याचा पुरोहित, मनू. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो एकटा नाही उभा केला. ज्यानं केला त्यालाही ओढून चित्रात आणला. हे महत्त्वाचं आहे. करुणेची चित्रं काढणारे पुष्कळ झाले. ते फक्त आमचं रडगाणं काढतात. रडवणारा फ्रेमच्या बाहेर, चहा पीत असतो.

त्याची रेघ गोड नाही. जाड, काळी, नखानं ओरबाडल्यासारखी. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर ती शोभणार नाही. शोभू नये म्हणूनच ती तशी आहे.

त्याच्या आधी आम्हाला कुणी बघितलंच नव्हतं असं नाही. साहेबानं बघितलं. १८६८ ते १८७५ या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो. माणूस उभा करायचा, फोटो काढायचा, खाली जात लिहायची आणि ही जात कामसू की चोर, इमानी की बेइमान, ते नोंदवून टाकायचं. फोटोतला माणूस कुठं बघतोय ते कुणी विचारलं नाही. नाव लिहायचीही बहुतेक वेळा गरज वाटली नाही. फुलपाखरू टाचणीनं टोचतात, तसं. आमच्या पेंटरच्या भिंतीवरचा माणूस रस्त्याकडं डोळे रोखून बघतोय. दीडशे वर्षांनी आम्ही तो फोटो उलटा फिरवतोय. आता आम्ही बघणार, तुम्ही बघून घ्या.

*

आता सरांच्या मुद्द्याकडं येतो. मडकं काढा, वैश्विक होईल.

सर, जरा ऐकून घ्या. रंगभेदाचं चित्र काढणाऱ्याकडं एक सोय असते. रंग असतो. काळा माणूस काळा दिसतो. गोऱ्यानं त्याला दाराबाहेर ठेवला तर तो का बाहेर आहे हे कुणालाही बघता क्षणी कळतं. जातीला रंग नाही. लोकलच्या डब्यात माझ्या शेजारी बसलेला देशपांडे आणि मी, आमच्या कातड्यात काय फरक? कधी कधी मीच उजळ. म्हणून तर गाडीत गप्पा मारताना तिसरं वाक्य येतं, "पूर्ण नाव काय?" म्हणून तर मुकादम हजेरी घेताना आडनावावर थांबतो. जात डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती कानानं हुडकतात.

साहेबानं ती डोळ्यांनी हुडकायचाही प्रयत्न केला. रिस्ले नावाचा अधिकारी होता, १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख. त्याचं म्हणणं, नाकाची रुंदी मोजा, जात कळेल. जेवढं नाक बसकं तेवढी जात खालची. अख्ख्या देशात नाकं मोजली. आणि इथल्या वरच्या जातींना ते फार आवडलं. साहेबाच्या मोजपट्टीवर ते साहेबाचे चुलत भाऊ निघत होते ना! १९४८ साली बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' लिहिलं, त्यात नाकांच्या मोजमापाचे तसलेच आकडे त्यांच्याच तोंडावर मारले. दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या नाकात वंशाचा फरक निघत नाही. वंश एकच. अस्पृश्यता रक्तातनं आली नाही, कुणीतरी ती केली.

मग जी गोष्ट कातडीवर नाही, नाकावर नाही, रक्तात नाही, ती चित्रात आणायची कशी? सांगा ना सर. तुमच्या वैश्विक माणसाच्या अंगावर ती कुठं दाखवायची? ती दाखवता येते फक्त वस्तूंतनं. वेगळा ठेवलेला कप. पाणवठ्यावरची ओंजळ. झाडू. मडकं. जातीला शरीर नाही म्हणून तिनं आमच्या शरीरावर वस्तू लटकवल्या. ते मडकं काढलंत तर तो कुठलाही शोषित माणूस होत नाही. तो कुणीच होत नाही. गुन्हा पुसला जातो आणि गुन्हेगार चष्मा पुसत राहतो.

आणि एकच मडकं नाही. प्रभाकर कांबळे नावाच्या आपल्या कलावंतानं मडक्यांवर मडकी रचून 'उतरंड' नावाची कामं केली. उतरंड हा आपल्या आजीचा शब्द. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यावर मडकं, खाली सगळ्यात मोठं, वर सगळ्यात लहान. आणि जातीची उतरंड हाही आपलाच शब्द. वरचं मडकं हलकं, सगळा भार खालच्यावर. खालचं काढलं की सगळी उतरंड कोसळते. त्याला वेगळं भाषण लागत नाही. कुंभाराची माती बोलते. २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात कांबळेची कामं होती. जर्मनीच्या लोकांना मडकं कळलं. टॉवरमधल्या सरांना कळलं नाही. मग वैश्विक कोण हो?

*

पेंटरनं एकदा दुसऱ्याच मुलखातलं चित्र दाखवलं. क्युबाचा विफ्रेदो लाम. कॅरिबियन बेटांतला, जिथं गोऱ्यांनी साखरेसाठी आफ्रिकेतनं माणसं जहाजात कोंबून आणली. क्युबात गुलामी कायद्यानं संपली १८८६ साली. लाम जन्मला १९०२ साली. बाप चीनमधनं आलेला, आईच्या रक्तात आफ्रिका. शिकायला माद्रिदला गेला, पॅरिसला पिकासोची ओळख झाली. पिकासो आणि मंडळी तेव्हा आफ्रिकेतले मुखवटे बघून थक्क होत होती आणि आपल्या चित्रांत उचलत होती. लामला ते मुखवटे बघायला म्युझियममध्ये जायची गरज नव्हती. ते त्याच्या आईच्या घरचे होते. १९४१ साली हिटलरच्या फौजांमुळं फ्रान्स सोडून तो बोटीनं निघाला, वाटेत मार्टिनिक बेटावर काळ्यांचा कवी एमे सेझेर त्याला भेटला, आणि हवानाला परतल्यावर त्यानं एक चित्र काढलं. 'जंगल'. १९४२-४३. जवळजवळ आठ फूट उंच, आठ फूट रुंद.

नाव जंगल, पण त्यात जंगल नाही. नीट बघा. उभे, सरळ, पेरं असलेले दांडे. तो ऊस आहे. उसाच्या फडात लपलेली, अर्धी माणसं अर्धे मुखवटे असलेली माणसं. हातपाय आणि उसाची कांडी एकमेकांत अशी मिसळलीत की ऊस कुठं संपतो आणि माणूस कुठं सुरू होतो ते कळत नाही. कोपऱ्यात एका हातात कात्री.

मी ते चित्र बघितलं आणि मला माझी आई दिसली.

माझी आई बीडकडची. लग्नाआधी आणि नंतरही ऊसतोडीला. तिकडं नवरा-बायको मिळून मोजतात, एक कोयता. माणसं नाही मोजत, हत्यार मोजतात. मुकादमाची उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फडात राहायचं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. आईला वाटलं नाही. ती म्हणाली, "पाळी आली म्हणून खाडा केला तर पैसे कापत्यात. मग बाया काय करणार?" ऊस तोडणारी आई, आणि गोदीत कधी साखरेचं पोतं उचलणारा मी. क्युबाच्या साखरेत आफ्रिकेची माणसं होती. आमच्या साखरेत आम्ही. चहा गोड लागतो ना तुम्हाला?

आता त्या चित्राचं काय झालं ते ऐका. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४५ साली ते विकत घेतलं. मोठी गोष्ट. पण टांगलं कुठं? कैक वर्षं ते होतं लोकांनी आपले कोट काढून ठेवायच्या खोलीकडं जाणाऱ्या वाटेवर. पिकासो आतल्या दालनात, लाम कोटांजवळ. १९८८ साली जॉन यॉ नावाच्या कवीनं त्यावर लेख लिहून ती चोरी चव्हाट्यावर आणली. २०२५ साली त्याच म्युझियमनं लामचं मोठं प्रदर्शन भरवलं. माणूस १९८२ सालीच मेला होता.

दोस्तांनो, ही वाट आपल्याला ओळखीची नाही का? आत घ्यायचं, पण चपला काढायच्या जागेपर्यंत. चहा द्यायचा, पण कप वेगळा. आपल्या वडिलांच्या पिढीनं १९७२ साली पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडनं घेतलं, ते काय फॅशन म्हणून? त्यांना कोटांची खोली ओळखू आली होती.

*

आमच्याकडची कोटांची खोली काळ्या घोड्याला आहे.

काळ्या घोड्याची गोष्ट माहीत आहे? इंग्लंडचा राजा एडवर्ड घोड्यावर बसलेला होता. १९६५ साली पुतळा उचलला, राणीच्या बागेत नेऊन ठेवला. नाव तेवढं राहिलं. २०१७ साली तिथं नवा घोडा उभा केला. पाठ रिकामी. स्वार नाही. सगळे खूश, गुलामगिरी संपली, घोडा मोकळा झाला.

मी त्या घोड्यासमोर उभा राहिलो आणि मला हसू आलं. राजा उतरला हे खरं. पण खोगीर रिकामं राहिलं असं कुणी सांगितलं? ते दिसत नाही, जशी जात दिसत नाही. वसाहतवाद संपला, आता आपली अस्मिता शोधू, असं म्हणून इथल्या मोठमोठ्या चित्रकारांनी सगळं शोधलं. तंत्र शोधलं, मंत्र शोधला, बिंदू शोधला, अजिंठा शोधला. साहेबाशी भांडण झालं, पण घरातल्या मोलकरणीचं नाव विचारलं नाही. जेएनयूत कलेचा इतिहास शिकवणारे आपले वाय. एस. अलोणे यांनी याला चांगला शब्द दिलाय, संरक्षित अज्ञान. म्हणजे माहीत नाही असं नाही. माहीत करून घ्यायचं नाही, आणि त्या अज्ञानाला कुंपण घालून जपायचं. 'कलेला जात नसते' हे त्या कुंपणाचं फाटक.

एका गॅलरीच्या दारात मला वॉचमननं अडवलं होतं. गोदीतनं थेट गेलो होतो, अंगावर सिमेंटची पावडर, खांद्याला पिशवी. म्हणाला, "डिलिव्हरी मागच्या दारानं." मी म्हटलं, चित्रं बघायचीत. तो बिचारा गोंधळला. त्याचं आडनाव छातीवरच्या पट्टीवर होतं. आपलंच होतं. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो आणि मी परत फिरलो. त्याच्यावर राग नाही. पण ज्यांनी त्याला शिकवलं की चित्र बघणारा कसा दिसतो, त्यांना विचारायचंय, कलेला जात नसते तर तिच्या दाराला कशी असते?

सगळे तसे नाहीत, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल पोरगा आंधळा आहे. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात क्ष-किरणांचे डॉक्टर म्हणून वर्षानुवर्षं काम केलं आणि आमची लोकल, आमचे पूल, आमचं उल्हासनगर रंगवलं. गावोगाव चित्रं घेऊन जाणारं प्रदर्शनही केलं. त्यांच्या चित्रातला कामगार लाचार नाही, त्याला हाडं आहेत, वजन आहे. ते मी मान्य करतो. पण त्या गर्दीतल्या माणसाला कुणी आडनाव विचारलं की त्याच्या पोटात काय होतं, ते चित्र त्यांचं नाही. ते आम्हीच काढायचं. विक्रोळीत वाढलेला विक्रांत भिसे काढतोय. मोर्चे, पँथर, राबणारे हात. पेंटर काढतोय. त्याला भिंत द्या.

*

आता माझ्याच माणसांशी बोलतो. हे जड आहे.

काका, तुमच्याशी मी वाद घालतोय, तुमचा अपमान करत नाही. तुम्ही लाठ्या खाल्ल्या म्हणून मी मॅट्रिकपर्यंत गेलो. तुम्हाला ते मडकं बघवत नाही, कारण तुमच्या आजोबांची ती गोष्ट तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलीय. आम्हाला ते चित्र वाटतं, तुम्हाला ती जखम आहे. मान्य. पण लेकरांना काय वाटेल म्हणता, तर एक सांगा. लेकरांना शाळेत कुणीतरी, कधीतरी, ते मडकं दाखवणारच आहे. शिवी देऊन दाखवेल, हसून दाखवेल. त्याच्या आधी आपण दाखवायचं की नाही? आपल्या भिंतीवर, आपल्या माणसाच्या हातानं, मान ताठ असलेलं? लाज ज्यानं मडकं बांधलं त्याची असते. आपण ती उचलून आपल्या घरात आणून ठेवली, झाकून ठेवली, आणि आता तिच्यावर फ्लेक्स लावतोय.

भाऊ, तुमच्या फ्लेक्सबद्दल एवढंच. बाबासाहेबांच्या खाली तुमचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. पहिल्या पावसात तो फाटेल.

आणि आई. कमिटीपेक्षा मी तिला घाबरतो. तिला भिंतीजवळ घेऊन गेलो. म्हटलं, ही बाई तू आहेस. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला नगं काढू. मी ते सगळं सोडून आले. आता भिंतीवर जन्मभर मोळी घेऊन उभी राहू का?"

दोस्तांनो, याला माझ्याकडं उत्तर नाही. लाम, सावरकर, अलोणे, सगळे आठवून बघितले. नाही. जिनं ओझं वाहिलं तिला ते चित्रात पुन्हा वाहायला लावायचा हक्क मला कुणी दिला? आपल्यातल्या चित्रकारांनी, कवींनी हा प्रश्न गळ्यात बांधून घ्यावा. मडकं विकायला लागलं की मडक्याचं दुकान होतं. गोऱ्या भिंतींच्या खोलीत आमच्या जखमेला भाव आहे हे आता कळायला लागलंय. तिथं तुम्हाला फक्त जखम मागतील. हसणारा दलित नको, पतंग उडवणारा नको, बायकोच्या केसांत अबोली माळणारा नको. दर वर्षी एक नवी जखम आणा, ताजी. वारल्यांचं बघा, आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले. जिव्या सोमा मशेंनी भिंतीवरची रेघ कागदावर आणली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली गेले. आज वारली चित्र हॉटेलच्या भिंतीवर आहे, चादरीवर आहे, चहाच्या कपावर आहे. वारली माणूस मात्र वीटभट्टीवर आहे. चित्र आत गेलं, माणूस बाहेर राहिला.

म्हणून मी भिंत मागतोय, गॅलरी नाही. गॅलरीही घेऊ, सोडणार नाही, तीही आमच्या करातनं आणि घामातनं उभी आहे. लाम म्हणायचा, मी लाकडी घोडा आहे, पोटात माणसं लपलेला, शत्रूच्या शहरात आत ओढून नेलेला. मग त्या काळ्या घोड्याच्या पोटातही आपण शिरू. पण आधी भिंत. कारण गॅलरीत आमचं चित्र तुम्ही बघता. भिंतीवर ते आम्ही बघतो. आणि बघणारा बदलला की चित्र बदलतं.

बदलतं म्हणजे कसं, तेही सांगतो. परवा रात्री कामावरनं आलो तर आई भिंतीजवळ उभी. पेंटर टॉर्च धरून. मला वाटलं, पुसायला लावतेय. जवळ गेलो तर ती त्याला सांगत होती, "आरं, मोळी अशी नसती धरत. मान मोडल. चुंबळ कुठंय? आन् डावा हात हितं, वर. उजवा मोकळा सोड. चालताना तोल उजव्या हातानं सांभाळत्यात." पेंटरनं रेघ पुसली, नवी काढली. आई म्हणाली, "आता जरा माणसावानी दिसती." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून मी हो म्हणाले नाही."

तिनं हो म्हटलं नाही तर ती बाई भिंतीवर राहणार नाही. हे पेंटरनं आणि मी ठरवलंय. पण मडकं राहणार. त्या माणसाची मान ताठ राहणार. ते कुणाच्या सांगण्यावरनं वैश्विक होणार नाही.

रविवारी सकाळी दहाला बैठक आहे, समाजमंदिरात. ज्यांना टिटवाळा लांब वाटतो त्यांनी कल्याणला गाडी बदलावी. चुना आम्ही घेतलाय, रंग अर्धा घेतलाय. ब्रश स्वतःचे आणा. जे म्हणतात कलेला जात नसते, त्यांनीही यावं. त्यांना आम्ही आतल्या दालनात बसवू. कोटांच्या खोलीत नाही.

जय भीम.